पोलीस सुधारणा आणि महिला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महिला दक्षता समितीच्या (पोलीस ठाण्यासोबत काम करणाऱ्या स्थानिक महिलांची समिती) सदस्या, भरतीची तयारी करणाऱ्या मुली, नोकरीत असलेल्या महिला अंमलदार आणि तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढलेल्या बायका यांच्याकडून पुन्हा पुन्हा येतात. कलमांचे क्रमांक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यांचे आहेत. भारतीय न्याय संहितेला इथे ‘न्याय संहिता’ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेला ‘सुरक्षा संहिता’ म्हटलं आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरक्षा क्षेत्र सुधारणा म्हणजे काय? त्यात फक्त पोलीस येतात का?

नाही. पोलीस, सैन्य, निमलष्करी दलं, तुरुंग, गुप्तवार्ता विभाग, खासगी सुरक्षा रक्षक आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारं गृहखातं, विधिमंडळ, न्यायालयं असा हा सगळा पसारा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव १३२५ करून महिलांचा सहभाग हा सुरक्षेचाच प्रश्न मानला. सुरक्षा क्षेत्र सुधारणेवरचा स्वतंत्र ठराव, क्रमांक २१५१, यायला मात्र २०१४ उजाडलं.

आपल्याकडे ‘पोलीस सुधारणा’ म्हटलं की प्रकाश सिंग खटल्याचा २२ सप्टेंबर २००६ चा निकाल निघतो. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सात निर्देश दिले: राज्य सुरक्षा आयोग, पोलीस महासंचालकांची निवड आणि किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, तक्रार प्राधिकरण वगैरे. सातांपैकी एकही निर्देश खास महिलांसाठी नाही. त्यामुळे महिलांच्या बाजूने झालेली सुधारणा आपल्याकडे दुसऱ्याच वाटेने आली: फौजदारी कायद्यातल्या दुरुस्त्या, न्यायालयांचे निकाल आणि गृहखात्याची परिपत्रकं. ती विखुरलेली आहे. म्हणूनच ठाण्यात गेल्यावर नेमकं काय मागायचं हे कळत नाही.

२. ‘लिंगभावाचा दृष्टिकोन’ म्हणजे महिला पोलिसांची संख्या वाढवणं, एवढंच ना?

संख्या हा त्यातला सोपा भाग. उरलेला भाग बंदोबस्ताच्या दिवशी दिसतो. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. नेमणुकीचा पॉइंट भर चौकात, आजूबाजूची दुकानं बंद. अशा वेळी महिला अंमलदार सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठे? फिरतं स्वच्छतागृह मागवलेलं असतं, पण ते मिरवणुकीच्या एका टोकाला उभं, आणि पॉइंट सोडायला बदली माणूस नाही. आता यात महिलांवर मुद्दाम अन्याय करायचा कुणाचाच विचार नसतो. आराखडा करताना हा प्रश्न टेबलावर आलाच नाही, एवढंच.

म्हणून दृष्टिकोन म्हणजे आधी विचारायचे प्रश्न. किती पॉइंटमागे एक स्वच्छतागृह? दर चार तासांनी सुटी देणारी राखीव तुकडी आहे का? बुलेटप्रूफ जॅकेट कुणाच्या मापाचं? महिला कोठडीतल्या कॅमेऱ्यात नेमकं काय दिसतं, आणि ते बघतं कोण? असे प्रश्न आराखडा मंजूर होण्याआधी विचारले तर खर्च थोडा येतो, नंतर विचारले तर उत्तर ठरलेलं: ‘पुढच्या वर्षी बघू.’

३. ३० टक्के, ३३ टक्के, ‘३ आणि १०’: यातला खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे आहेत, पण तीन वेगळ्या गोष्टींचे. महाराष्ट्रात सरकारी नोकरभरतीत महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण (प्रश्न ४) आहे आणि पोलीस भरती त्यातच येते. पोलीस दलात महिलांचं प्रमाण ३३ टक्क्यांवर न्यावं, हा केंद्रीय गृहमंत्रालयाचा राज्यांना दिलेला सल्ला. पोलीस हा राज्याचा विषय असल्यामुळे सल्ल्यापलीकडे केंद्राला फारसं काही करता येत नाही. ‘३ आणि १०’ म्हणजे प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान ३ महिला उपनिरीक्षक आणि १० महिला शिपाई असावेत, हा त्याच मंत्रालयाचा २०१३ चा सल्ला. देशभरात पोलीस दलातल्या महिला अजून सुमारे १२ टक्केच आहेत.

दहा हा आकडा चैनीचा वाटत असेल तर हिशेब करून बघा. महिला मदत कक्षाची एक खुर्ची चोवीस तास चालवायची म्हणजे दिवसाला ३ पाळ्या, आठवड्याला २१. एक अंमलदार आठवड्यात ६ पाळ्या करते, म्हणजे साडेतीन जणी. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की पाच. ही झाली एक खुर्ची. उरलेल्या पाच जणींत कोर्ट ड्युटी, आरोपी महिलेला दवाखान्यात नेणं, वायरलेस, संगणकावरची नोंद आणि अचानक आलेला बंदोबस्त. ज्या ठाण्यात एकूण चारच महिला आहेत, तिथला ‘२४ तास महिला मदत कक्ष’ हा फलक रात्री साडेनऊनंतर फक्त फलक असतो.

४. मुलींसाठी धावण्याचं अंतर कमी, गोळा हलका. मग दर्जा घसरत नाही का?

महाराष्ट्रातल्या शिपाई भरतीत मुलींना उंची १५५ सेंटिमीटर लागते, मुलांना १६५. मुली ८०० मीटर धावतात, मुलं १६००. १०० मीटर दोघांनाही आहे. गोळा मुलींना ४ किलोचा, मुलांना ७.२६० किलोचा. मैदानी चाचणी ५० गुणांची आणि तिच्यात निम्मे गुण मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लेखी परीक्षा १०० गुणांची, प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच.

निकष वेगळे असतात कारण चाचणी प्रकृती आणि तयारी मोजते. कामातलं कौशल्य ती मोजतच नाही. ठाण्यात रुजू झाल्यावर १६०० मीटर किती वेळा धावावं लागतं आणि जबाब किती वेळा लिहावा लागतो, हे कुठल्याही ठाणे अंमलदाराला विचारा. दर्जाची चिंता खरीच असेल तर ती जबाब, पंचनामा आणि पुरावा गोळा करण्याच्या प्रशिक्षणाबद्दल हवी, आणि ती स्त्री-पुरुष दोघांबद्दल हवी.

आरक्षणाबाबत एक खाचखळगा. समांतर आरक्षण म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिलांच्या जागा. राखीव प्रवर्गातल्या मुलीला गुणवत्तेवर खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या जागेवर जाता येतं. ती वाट अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सौरव यादव खटल्यात डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं. निवड यादी बघताना ही जागा आधी तपासा.

५. वेगळं महिला पोलीस ठाणं चांगलं की प्रत्येक ठाण्यात मदत कक्ष?

देशातलं पहिलं महिला पोलीस ठाणं १९७३ मध्ये केरळात कोळिकोडला सुरू झालं. तामिळनाडूने १९९२ पासून ती पद्धत राज्यभर नेली. फायदा उघड आहे: ज्या बाईला पुरुषांनी भरलेल्या ठाण्यात शिरण्याचाच धीर होत नाही, तिला एक दार मिळतं. तोटा हळूहळू कळतो. बाकीची ठाणी ‘बाईची केस? तिकडे जा’ म्हणायला लागतात, आणि ते ‘तिकडे’ ग्रामीण भागात चाळीस किलोमीटरवर असतं. तिथल्या अधिकारी महिलांना खून, दरोडा, आर्थिक गुन्हे यांचा तपास मिळत नाही, म्हणून बढतीत त्या मागे पडतात.

मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांत मदत कक्षांचा शिस्तशीर प्रयोग झाला. कक्ष सुरू झाले तिथे महिलांवरच्या अत्याचाराचे गुन्हे जास्त नोंदले गेले, आणि कक्षावर महिला अधिकारी होत्या तिथे फरक ठळक होता. आमचं मत कक्षाच्या बाजूने आहे, पण त्याला स्वतंत्र खोली, स्वतःचं नोंदवही-रजिस्टर आणि नेमून दिलेली माणसं हवीत. केंद्राच्या महिला सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून १०,००० ठाण्यांसाठी १०० कोटी रुपये मंजूर झाले, म्हणजे ठाण्यामागे सरासरी एक लाख. टेबल, संगणक, पार्टिशन एवढ्यात होतं. माणसांचे पगार त्यात नाहीत, आणि नेमकी गाडी तिथेच अडते.

६. मी तक्रार द्यायला गेले तर महिला अधिकारीच हवी, असा आग्रह धरू शकते का?

काही गुन्ह्यांत तो तुमचा हक्क आहे. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार न्याय संहितेच्या कलम ६४ ते ७१ (बलात्कार आणि त्याचे प्रकार), ७४ ते ७९ (विनयभंग, लैंगिक छळ, विवस्त्र करणं, चोरून बघणं, पाठलाग, शब्द-हावभावांनी अपमान) आणि १२४ (अ‍ॅसिड हल्ला) या गुन्ह्यांत पीडितेची खबर महिला पोलीस अधिकाऱ्याने किंवा ‘कोणत्याही महिला अधिकाऱ्याने’ नोंदवायची असते. हे शेवटचे शब्द लक्षात ठेवा. ‘आमच्या मॅडम रजेवर आहेत, उद्या या’ हे उत्तर त्यामुळेच चालत नाही. शेजारच्या ठाण्यातून महिला अधिकारी बोलावणं हे त्यांचं काम.

पीडिता शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग असेल, तात्पुरती का असेना, तर खबर तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाषा किंवा विशेष शिक्षकाच्या समोर घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं.

फसगत इथे होते: नवरा-सासरच्यांच्या छळाचं कलम ८५ या यादीत नाही. तिथे महिला अधिकारी मागता येते, पण कलम १७३ चा आधार देता येत नाही. मारहाणीसोबत लैंगिक अपमानही झाला असेल तर तो जबाबात स्पष्ट सांगा. जबाब लिहून झाल्यावर वाचून घ्या आणि तो भाग गाळला गेला नाही ना, हे सही करण्याआधी बघा.

७. गुन्हा नोंदवत नाहीत. ‘एनसी घ्या’, ‘हद्द आमची नाही’ म्हणतात. काय करायचं?

आधी शब्द. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. तिच्यावर न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. दखलपात्र गुन्ह्याची हकिगत सांगितली असेल तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितलं. हद्दीचं कारण तर आता कायद्यातच उरलेलं नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. ऑनलाइन खबर दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

नकार मिळाला तर तक्रार लेखी करा, दोन प्रती काढा, आवक-जावक टेबलावर एक देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. शिक्काही देत नसतील तर तीच तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना (शहरात उपायुक्तांना) पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. हा क्रम चुकवून थेट कोर्टात गेलं की पहिलाच प्रश्न येतो, ‘अधीक्षकांना कळवलं होतं का?’ गुन्हा नोंदवल्यावर प्रत लगेच आणि विनामूल्य मिळाली पाहिजे.

ठाण्यात सांगण्यासारखी एक गोष्ट: बलात्कार, विनयभंग, विवस्त्र करणं, अ‍ॅसिड हल्ला, मानवी तस्करी अशा गुन्ह्यांची खबर न नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं सक्तमजुरी आणि दंड आहे. त्या खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. पाठलाग मात्र या यादीत नाही. आमच्या मते ती कायद्यातली ठळक चूक आहे, कारण सर्वांत जास्त टोलवाटोलवी पाठलागाच्याच तक्रारींत होते.

तीन वर्षं ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. तसं सांगितलं तर परवानगीची तारीख विचारून लिहून घ्या.

८. भरोसा कक्षात समुपदेशन झाल्याशिवाय तक्रार घेता येत नाही, असं सांगतात. खरं आहे का?

नाही. समुपदेशन हा पर्याय आहे, तक्रारीची आधीची पायरी नव्हे. वैवाहिक वादात प्राथमिक चौकशीला मुभा आहे, पण ती गुन्हा दखलपात्र आहे की नाही एवढं पाहण्यापुरती. नांदायला जाणार की नाही, हे ठरवण्यासाठी ती नाही.

कल्पना मुळात चांगली आहे, आणि ती महाराष्ट्रातलीच. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस व्यवस्थेच्या आत बसणारी, पण पोलीस नसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती हे त्याचं मर्म. बाईला काय हवंय ते ती आधी ऐकते आणि मग गुन्हा, संरक्षण आदेश, निवारा की बोलणी ते ठरतं. नागपूरला २०१७ मध्ये सुरू झालेल्या भरोसा कक्षाने समुपदेशक, वकील, पोलीस एका छपराखाली आणले. बिघडतं कुठे? कक्षाचं यश ‘किती संसार जुळवले’ या आकड्यात मोजलं जातं तिथे. दक्षता समितीच्या सदस्यांनी मासिक बैठकीत उलटा आकडा मागावा: कक्षात आलेल्या किती जणी तीन महिन्यांत पुन्हा आल्या?

९. रात्री महिलेला अटक करताच येत नाही ना?

‘करताच येत नाही’ हे अर्धसत्य आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही, हा नियम सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यायची. पुरुष अधिकाऱ्याने सही केलेला अहवाल चालत नाही.

या नियमाची मुळं नागपूर खंडपीठाच्या एका आदेशात आहेत. त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मुरड घातली, मग संसदेने दुरुस्ती करून नियम कायद्यात आणला आणि तो २००६ मध्ये लागू झाला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ही तरतूद मार्गदर्शक स्वरूपाची मानली, म्हणजे ती पाळली नाही म्हणून अटक आपोआप बेकायदा ठरत नाही. अधिकाऱ्याला कारण मात्र द्यावंच लागतं.

प्रत्यक्षात नियम मोडला जातो तो कागदावर न दिसेल असा. बाईला रात्री अकराला आणतात, ‘चौकशीसाठी बसवलंय’ म्हणतात आणि अटकेची वेळ सकाळी सातची लिहितात. म्हणून घरच्यांनी नेलं तेव्हाची वेळ लगेच नोंदवावी. ११२ वर फोन केला तर त्याची नोंद राहते, वकिलाला पाठवलेल्या संदेशावर वेळ असते, आणि ठाण्याच्या दारातला कॅमेरा असतोच (प्रश्न ११).

१०. साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलंय. जावंच लागतं का?

महिलेला साक्षीसाठी तिच्या राहत्या घराव्यतिरिक्त कुठेही बोलावता येत नाही (सुरक्षा संहिता, कलम १७९). १५ वर्षांखालची मुलं, ६० वर्षांवरच्या व्यक्ती, अपंग आणि गंभीर आजारी यांनाही हेच लागू. स्वतःच्या मर्जीने गेलात तर हरकत नाही. आरोपी म्हणून हजर राहण्याची नोटीस वेगळी असते. ती त्याच संहितेच्या कलम ३५ खालची आहे का, हे कागदावर बघा. ती आली असेल तर टाळू नका, कारण हजर न राहणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं.

११. अत्याचार ठाण्यातच, पोलिसांकडूनच झाला तर दाद कुठे मागायची?

आजचे नियम महाराष्ट्रातल्या दोन प्रकरणांतून आले आहेत. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर (आताच्या गडचिरोली) जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून ताब्यातल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा आहे आणि संबंध सिद्ध झाला व ‘माझी संमती नव्हती’ असं तिने सांगितलं, तर न्यायालय तसंच गृहीत धरतं. (मुलीच्या नावाने हे प्रकरण ओळखलं जातं. इथे ते मुद्दामच लिहिलेलं नाही. पीडितेची ओळख छापणं हा आज गुन्हा आहे.) दुसरं प्रकरण शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८३. मुंबईच्या कोठडीतल्या महिलांना होणाऱ्या मारहाणीबद्दल या पत्रकार महिलेने लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानलं. महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, तिथे महिला पहारेकरी आणि महिला पोलिसांच्या उपस्थितीतच चौकशी, हे त्यातून आलं.

आता पायऱ्या. पहिलं काम चित्रीकरण वाचवणं. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रवेशद्वार, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागचा आवार आणि स्वच्छतागृहाबाहेर कॅमेरे लावायला सांगितले. चित्रीकरण १८ महिने, काही अडचण असली तरी किमान एक वर्ष ठेवायचं. ‘चित्रीकरण जतन करावं’ असं पत्र तारीख, वेळ आणि कोणता भाग ते लिहून त्याच आठवड्यात अधीक्षकांना द्या. ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर सहा महिन्यांनी मिळतं. ते दुसऱ्या दिवशी लेखी मिळालं तर बंद कॅमेऱ्याचाच जाब विचारता येतो.

मग गुन्हा, दुसऱ्या ठाण्यात शून्य क्रमांकाने का असेना. ताब्यात बलात्कार किंवा मृत्यू झाला तर पोलीस तपासाखेरीज न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी बंधनकारक आहे. लैंगिक गुन्ह्यांत पोलिसावर खटला भरायला सरकारी परवानगी लागत नाही. जोडीला राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ते आणलं. प्राधिकरण खातेनिहाय कारवाईची वाट उघडतं, गुन्ह्याची जागा घेत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा.

१२. वैद्यकीय तपासणीत ‘दोन बोटांची चाचणी’ अजून होते का? नकार देता येतो?

होऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल असं सांगितलं. नकार कुठल्याही तपासणीला देता येतो, आणि तो लिहून घेतलाच पाहिजे. खबर मिळाल्यापासून २४ तासांत पीडितेला डॉक्टरांकडे नेणं हे पोलिसांचं काम. पण उपचारासाठी पोलिसांच्या पत्राची वाट बघायची नाही: सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यायचे आहेत, नाकारणं हा गुन्हा आहे. कपडे धुऊ नका. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो.

१३. मी महिला अंमलदार आहे. छळ करणारा माझाच वरिष्ठ आहे. तक्रार कुणाकडे?

अंतर्गत समितीकडे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा पोलिसांना पूर्ण लागू आहे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. समिती कागदावर एका मुख्यालयात असून भागत नाही, प्रत्येक कार्यालयासाठी ती असायला हवी. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत.

तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोच कार्यालयप्रमुख असेल तर जिल्ह्यातली स्थानिक समिती हा मार्ग आहे. चौकशी चालू असताना बदली (तुमची किंवा त्याची) आणि तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. बदली मागताना ‘त्याची’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर सोय म्हणून तुम्हालाच नियंत्रण कक्षात बसवतात आणि बाहेर अर्थ निघतो की चूक तुमची.

समितीचा अहवाल आला की ‘आता खातेनिहाय चौकशी नव्याने’ असं सांगून वर्षभर काढण्याची पद्धत होती. पुण्याच्या आलोचना संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ती मोडली: समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल. उलट बाजूही बघा. घाईत, नियम डावलून केलेली चौकशी टिकत नाही. गोवा विद्यापीठातल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात २०२३ मध्ये अशीच चौकशी रद्द होऊन मागे गेली. म्हणून समितीने घाई केली तरी तुम्ही प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या.

१४. महिलांना आठ तासांची ड्युटी ही चांगली सुधारणा नाही का?

२०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात महिला अंमलदारांसाठी १२ ऐवजी ८ तासांची ड्युटी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. हेतू चांगला होता. पण एकूण मनुष्यबळ तेवढंच ठेवून काही जणींचे तास कमी केले की उरलेले चार तास पुरुष सहकाऱ्याच्या डोक्यावर जातात आणि ‘बायकांना फुकट पगार’ ही कुजबुज सुरू होते. मग ठाणेदार तपासाची, बीटाची कामं महिलांना देणंच टाळतो. आमचं मत: आठ तास सगळ्यांना, आणि तोवर गरोदर व तान्ह्या बाळाच्या मातांना रात्रपाळीतून सूट. १८० दिवसांची प्रसूती रजा आणि नोकरीच्या काळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा हे नियम आहेतच. अडतं ते रजेच्या काळात बदली माणूस न दिल्यामुळे.

१५. पारलिंगी व्यक्तीला पोलीस भरतीत अर्ज करता येतो का?

हो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये राज्याला फटकारल्यावर अर्जात तिसरा पर्याय आला. तामिळनाडूत पृथिका याशिनी २०१७ मध्येच उपनिरीक्षक झाल्या होत्या. अर्जाआधी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ओळखपत्र काढून ठेवा, कारण कागदपत्रांवर वेगवेगळी नावं असली की पडताळणीत अर्ज अडकतो.

१६. सैन्याचं काय? आणि परदेशातून काही शिकण्यासारखं आहे?

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली आणि त्यातल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडल्या. दार सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडलं, तसंच स्थायी कमिशनचंही (निवृत्तीपर्यंत अधिकारी म्हणून राहण्याची संधी) फेब्रुवारी २०२० मध्ये. न उघडलेलं दार वेगळंच आहे. अशांत क्षेत्रात तैनात सैनिकाने केलेल्या लैंगिक गुन्ह्याच्या खटल्याला परवानगीची अट नको, ही दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या वर्मा समितीची २०१३ ची शिफारस मान्य झाली नाही. प्रश्न ११ मधली परवानगी न लागण्याची सूट तिथे चालत नाही.

परदेशातला धडा लायबेरियाचा, आणि त्यात आपलाही वाटा आहे. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी तिथल्या राजधानीत, मन्रोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली ती पहिली महिला पोलीस तुकडी, २०१६ पर्यंत तिथे होती. लायबेरियाच्या पोलिसांनी महिलांसाठी २० टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं. यादवी युद्धामुळे बारावी झालेल्या मुलीच सापडेनात, तेव्हा अट न सोडता मुलींना आधी शाळा पूर्ण करून दिली. संख्या वाढली, पण वरच्या हुद्द्यांवर त्या प्रमाणात नाही.

१७. आमच्या जिल्ह्यात हे सगळं पाळलं जातं का, ते बाहेरून कसं कळणार?

माहितीचा अधिकार. १० रुपयांचं शुल्क, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. पुष्कळ अर्ज इथेच बाद होतात, म्हणून विषय तोडून अर्ज करा.

‘महिला सुरक्षेसाठी काय उपाय केले’ असं विचारलं तर योजनांची नावं येतील. त्याऐवजी एका ठाण्याचं, एका आठवड्याचं ड्युटी रजिस्टर मागा. मदत कक्षासमोर प्रत्येक पाळीत कुणाची नेमणूक होती ते दिसतं. अंतर्गत समितीच्या आदेशाची प्रत आणि मागच्या वर्षीचा वार्षिक अहवाल मागा. जिल्ह्यातल्या ठाणे प्रभारींपैकी महिला किती, हा एका ओळीचा प्रश्न. ‘संकलित स्वरूपात माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर अभिलेख पाहण्याची परवानगी मागा आणि स्वतः जाऊन वही बघा. चालू तपासाचे कागद मात्र मिळणार नाहीत, ते मागून अर्ज फुकट घालवू नका.

१८. तक्रारदार पुरुष किंवा मुलगा असेल तर यातलं काही लागू होतं का?

मुलगा १८ वर्षांखालचा असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवं तिथे, अधिकारी गणवेशात नको, रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. प्रौढ पुरुषासाठी चित्र वाईट आहे. जुन्या दंड संहितेतलं कलम ३७७ न्याय संहितेत आलंच नाही, आणि बलात्काराची व्याख्या महिलेपुरतीच आहे. त्यामुळे अशी तक्रार दुखापत, बेकायदा डांबून ठेवणं, धमकी या कलमांत बसवावी लागते. जबाब देताना लैंगिक भाग गाळू नये, कलम कुठलंही लागो. वैद्यकीय नोंदीत तो भाग असेल तर दुखापतीचं कलम वाढवून मागता येतं. पोलीस ताब्यातल्या पुरुषावर असा अत्याचार झाला असेल तर चित्रीकरणाचं पत्र आणि तक्रार प्राधिकरण (प्रश्न ११) त्यालाही तितकंच उपयोगी आहे. गंभीर दुखापत हा प्राधिकरणाच्या अखत्यारीतला विषय आहे, तिथे तक्रारदार स्त्री की पुरुष हे बघितलं जात नाही.